गादीवर फेझीवेच बसेल

मी, नोझुको मबांडला, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय लोखंडी फाटके व खिडक्यांच्या जाळ्या बनवणे, राहणार ग्रूटक्लूफ वस्ती, ईस्टर्न केप, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा गुडघा शाबूत नाही, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्याने लिहीत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आयुष्यभर दडपण आणून पाहिले ते दमून घरी गेले, मी अजून इथेच आहे.

आमच्या वकीलबाई सिनाझो टोले यांचे म्हणणे असे की मृत्युपत्र थोडक्यात असावे. मी त्यांना म्हटले, "बाई, मी चाळीस वर्षं फाटकं बनवतेय. थोडक्यात उरकलेलं फाटक बकरीसुद्धा ढकलून आत येते." त्या हसल्या. "बरं, लिहा मग मनासारखं. फक्त प्रत्येक पानाखाली सही करा."

कलम पहिले : जुने सर्व रद्द

याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द करते. तसे एकच आहे. १९९८ साली शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेले. त्यात असे वाक्य आहे : "माझी भाडेकरू कुमारी फेझीवे न्टशिंगा हिला माझ्या पश्चात घरात राहू द्यावे." तेव्हा आम्हाला एका घरात राहून सात वर्षे झाली होती, आणि खरे लिहिण्याची माझी छाती नव्हती. फेझीवेने ते वाचले आणि वही परत माझ्या हातात दिली.

"भाडेकरू? भाडेकरूला रोज सकाळी अंथरुणात चहा नेऊन देणारी घरमालकीण अख्ख्या प्रांतात तू एकटीच असशील, नोझू."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला आजही त्या शब्दाची लाज वाटते. पुढे माझे पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्याच्या कागदावर ती माझी चुलत बहीण झाली, चर्चमध्ये मैत्रीण झाली, माझ्या आत्याच्या तोंडी "ती मास्तरीण" झाली. भाडेकरू, चुलत बहीण, मैत्रीण, ती मास्तरीण : हे चारही शब्द त्या वहीच्या पानासह रद्द समजावेत.

कलम दुसरे : पत्नी

फेझीवे न्टशिंगा, वय वर्षे त्रेसष्ट, गणिताची निवृत्त शिक्षिका, ही माझी कायदेशीर पत्नी आहे. वाचणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. मी लिहून झाल्यावर तीनदा वाचले.

१९९१ साली ती माझ्या वर्कशॉपमध्ये भांडायला आली होती. मी तिच्या शाळेला फाटक बनवून दिले होते आणि तिच्या मते ते एका बाजूला चार सेंटिमीटर आखूड होते. मी म्हटले, जमीन तिरपी आहे. तिने पर्समधून टेप काढली, मला शाळेपर्यंत चालत नेले आणि सगळ्या शिक्षकांसमोर मोजून दाखवले. जमीन सरळ होती. मी फाटक फुकट दुरुस्त केले, आणि पुढचे तीन आठवडे त्यात काही ना काही दुरुस्त करायला जात राहिले.

२००६ च्या अखेरीस कायदा झाला की आमच्यासारख्यांनाही लग्न नोंदवता येईल. आम्ही लगेच गेलो नाही. फेझीवेला नोकरीची काळजी होती, आणि मला, खरे सांगायचे तर, फोटोत कशी दिसेन याची. शेवटी २००८ च्या एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. तिथला अधिकारी आमची ओळखपत्रे बघत बसला आणि पेन्सिल टेबलावर आपटत म्हणाला, "बायांनो, कायदा आहे हे मला माहीत आहे. पण त्याच कायद्यात मला नाही म्हणायची मुभा आहे. माझ्या मनाला हे पटत नाही."

मी म्हटले, "तुमच्या मनाला लग्नाला बोलावलंय कोणी?"

फेझीवेने माझी बाही ओढली. तशी मुभा त्या वेळच्या कायद्यात खरेच होती. बाहेर पायऱ्यांवर ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने पर्समधून टॅक्सीचे वेळापत्रक काढले. ते तिने आदल्याच दिवशी लिहून आणले होते, कारण ती गणिताची बाई आहे आणि उत्तर चुकले तर दुसरी रीत तयार ठेवते. पंधरा सीटच्या टॅक्सीत सोळावी आणि सतरावी म्हणून आम्ही चार तास प्रवास करून दुसऱ्या शहरात गेलो. तिथल्या बाईने मान वर करून फक्त एवढेच विचारले, "अंगठ्या आणल्यात का?" आणल्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या पाइपच्या कापून मीच घासून चमकवल्या होत्या.

परतीच्या टॅक्सीत कोबीचे पोते मांडीवर घेतलेली एक म्हातारी आमच्या शेजारी होती. तिने आमच्या कपड्यांकडे नीट पाहून विचारले, "एवढ्या नटूनथटून कुठून येताय गं?"

सतरा वर्षे जिने कोणाला काही सांगितले नव्हते ती माझी फेझीवे म्हणाली, "लग्न करून, आजी."

"अगं बाई! नवरा कुठाय मग?"

"नवरा नाही. हिच्याशी केलं."

ड्रायव्हरने रेडिओ बारीक केला. पायाखाली हातोडा असता तर बरे झाले असते असा विचार मी करत होते. म्हातारीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिले, मग मागे वळून सगळ्या टॅक्सीला दरडावले, "लग्न लागलंय म्हणतायत ना पोरी? मग मयताला आल्यासारखे गप्प काय बसलायत?" आणि तिने जीभ फिरवून असा काही आनंदाचा हाकारा दिला की ड्रायव्हरने हॉर्नच दाबून धरला. पुढचे दोन तास ती टॅक्सी गात होती. तरुण पोरे, एक पोलीस, एक बाळंतीण, सगळे. माझ्या लग्नाला कोण कोण होते असे कोणी विचारले तर हेच होते, आणि यांच्यापेक्षा चांगले वऱ्हाड मला आजवर कुठे दिसलेले नाही.

अधिकाऱ्यांची ती नाही म्हणायची मुभा २०२० साली कायद्यातून काढून टाकली. बातमी वाचल्यावर मी काम थांबवून रस्त्यावर जाऊन नाचले. गुडघा तेव्हापासूनच दुखतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम तिसरे : गादी

हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. वकीलबाई म्हणतात याला कायद्यात जागा नाही. तरी मी लिहिणार.

आमच्यात घरातले माणूस गेले की निजायच्या खोलीतले सामान बाहेर काढतात आणि जमिनीवर गादी घालतात. मागे राहिलेली बायको खांद्यावर घोंगडी घेऊन त्या गादीवर बसते, ती थेट मयताची माती होईपर्यंत. येणारा प्रत्येक जण आधी त्या खोलीत जातो, गादीसमोर गुडघे टेकतो, तिच्याशी बोलतो. गादीवर कोण बसले आहे ते पाहून गावाला कळते की दुःख कोणाचे आहे. आणि घर कोणाचे तेही कळते.

लुलामा आणि बोनिस्वा या आमच्या मैत्रिणी वीस वर्षे एकत्र राहिल्या. कायदा यायच्या एक वर्ष आधी, २००५ मध्ये, लुलामा गेली. तिचे भाऊ आले आणि त्यांनी गादीवर आपल्या एका चुलत बहिणीला बसवले, जी लुलामाला दहा वर्षांत भेटली नव्हती. बोनिस्वा अंगणात शेजारणींबरोबर मातीच्या जेवणाचे बटाटे सोलत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि एक बटाटा उचलला. ती म्हणाली, "चाकू दे गं दुसरा, याला धार नाही." सोमवारी तिला घराबाहेर काढले. त्या घराचे फाटक मी बनवलेले होते आणि भावांनी त्याला नवे कुलूप लावले. लग्न न केलेल्या जोडीदारालाही वारसा मिळायला हवा, असे देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने आता कुठे सांगितले आहे. मला त्याचा मोठा आनंद आहे. बोनिस्वाच्या हाती मात्र त्यातले काही लागले नाही.

आता माझ्या भावाबद्दल. म्झोलिसी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी त्याला पाठीवर बांधून वाढवले आहे, तो मला सिसी, म्हणजे ताई, म्हणतो. २०१४ साली आई गेली, तिच्या मातीनंतर जेवणे झाली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तो मला म्हणाला, "सिसी, तुमचे कागद कचेरीत ठेवा. तू गेलीस की मबांडलांच्या गादीवर मबांडलांचीच सून बसणार. माझी बायको बसेल. आणि ही बाई आपली बॅग भरेल."

फेझीवे तेव्हा ताटे गोळा करत होती. तिने एकही ताट खाली पडू दिले नाही.

मी वकीलबाईंना विचारले, मृत्युपत्रात लिहून त्याला अडवता येईल का? त्या खरे बोलणाऱ्या आहेत, गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "घर मी तिला मिळवून देईन. तुमचे पैसे मिळवून देईन. पण गादी कायदा देत नाही, नोझुकोताई. गादी घरचे लोक देतात."

म्हणून मी येथे लिहून ठेवते की माझ्या मरणानंतर त्या गादीवर फक्त माझी पत्नी फेझीवे बसेल. आणि म्हणूनच आज म्झोलिसीला आणि त्याची बायको वुयिस्वा हिला शनिवारचे बोलावणे धाडले आहे. सही करण्याआधी हे सगळे मी त्यांच्या तोंडावर वाचून दाखवणार आहे. मेल्यावर माझ्याशी भांडायला त्याला सोपे जाईल. मी जिवंत असताना भांडून दाखवावे.

कलम चौथे : घर व शिल्लक

ग्रूटक्लूफमधील घर, त्याखालची जमीन, माझी बँकेतली सर्व शिल्लक आणि या मृत्युपत्रात दुसऱ्या कोणाला नावानिशी दिलेले नाही ते सर्व काही, माझी पत्नी फेझीवे हिला. हे "सर्व कुटुंबाचे घर" आहे असे कोणी म्हणेल त्याने आधी सांगावे की याची एक तरी वीट त्याने उचलली होती का. फेझीवेने उचलल्या होत्या, शाळा सुटल्यावर, टाचांचे बूट काढून.

अंगणातल्या मागच्या खोलीत बोनिस्वा त्या सोमवारपासून राहते; ती हयात असेपर्यंत खोली तिची. तिला तिथून हलवण्याचा अधिकार फेझीवेलाही नाही. (फेझीवे लिहिलेले वाचत मागे उभी आहे. ती म्हणते, "मी कशाला हलवीन? तिच्याइतका चांगला पाव मला जमतो का?" तेव्हा तिची संमती आहे असे धरावे.)

कलम पाचवे : हत्यारे

मोठे वेल्डिंग मशीन, दोन्ही ग्राइंडर, ऐरण, लोखंड धरायचा शिकंजा आणि तोंडावर धरायचे काळ्या काचेचे मुखवटे हे सर्व फेझीवेच्या जुन्या शाळेतील कार्यशाळेला, मुलींच्या तुकडीसाठी. अट अशी की हे पुरुषांचे काम आहे असे जो शिक्षक म्हणेल त्याने आधी मुलींसमोर एक सरळ जोड मारून दाखवावा. छोटा हातोडा कोणालाही द्यायचा नाही. तो माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा.

कलम सहावे : आईच्या गाई

सिखोबेनी गावी आईच्या गोठ्यातल्या ज्या दोन गाई आईने मला दिल्या, त्या आणि त्यांची वासरे मी माझा भाऊ म्झोलिसी यास देते. तो त्यांना जिवापाड जपतो, त्यांच्याशी माणसांपेक्षा बरे बोलतो, आणि मी त्याच्यावर रागावले असले तरी आंधळी नाही.

पण या गाईंबरोबर एक गोष्ट जाते, ती लिहिली पाहिजे. आमच्या गोठ्यातले विरजलेले दूध, आमासी, हे घरच्यांचे असते. पाहुण्याला चहा मिळेल, मांस मिळेल, झोपायला पलंग मिळेल, ते दूध मिळणार नाही. नवी सून आली तरी ती पहिले काही दिवस त्याला हात लावत नाही. मग एके दिवशी घरातली मोठी बाई स्वतःच्या हाताने तिला वाडगा देते. ती पिते, आणि त्या क्षणापासून ती त्या घराची.

२००९ च्या हिवाळ्यात आम्ही सिखोबेनीला गेलो होतो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आम्ही सगळ्या झोपडीत चटईवर बसलो होतो. आईने लाकडी वाडगा उचलला, हात लांब केला आणि तो फेझीवेच्या ओंजळीत ठेवला. फेझीवेला त्याचा अर्थ पुरता माहीत होता. ती याच मातीतली आहे. तिने वाडगा खाली ठेवला नाही. सगळा प्यायली, ओठ पुसले आणि मान खाली घालून बसली.

म्झोलिसी तेव्हापासून म्हणतो, "आईला दिसत नव्हतं. तिला वाटलं वाडगा सिसीला देतेय. म्हातारीची चूक झाली, त्या बाईने ती गिळली." आई पाच वर्षे जगली, पण त्यावर तिने कधी तोंड उघडले नाही. मीही विचारले नाही. आई "हो, चूकच झाली" म्हणाली असती तर मी काय केले असते? मी लोखंड कापणारी बाई, मला आगीची भीती वाटत नाही, पण तो प्रश्न विचारण्याची भीती वाटली. चौदा वर्षे वाटते आहे.

कलम सातवे : किरकोळ देणगी

(अ) पेन्सिल आपटणाऱ्या त्या अधिकाऱ्यास : आमच्या लग्नाच्या दाखल्याची एक छायाप्रत, मी बनवलेल्या लोखंडी चौकटीत. चौकट जड आहे, सहज पडणार नाही.

(आ) आमच्या पाद्रीबुवांस : माझ्या मातीला बोलण्यासाठी दहा मिनिटे. अकराव्या मिनिटाला बोनिस्वाने भजन सुरू करावे.

(इ) समोरच्या घरातील श्री. गोंटशी यांस : माझी शिडी, जी तशीही त्यांच्याकडेच आहे.

(ई) आत्याच्या मुलींना : काही नाही. त्यांनी आमच्या घरी जेवायला यावे, फेझीवे वाढेल, एवढेच.

वाचन झाल्यानंतरची नोंद

हे पुढचे मी आत्ताच लिहीत आहे. सगळे माझ्याभोवती बसले आहेत. वकीलबाई म्हणतात, इतके लिहिलेच आहे तर झाले ते जसेच्या तसे लिहा.

सहीसाठी शनिवार ठरवला ही माझी चूक. शनिवारी आमच्याकडे प्रत्येक जण कोणा ना कोणाच्या मातीला गेलेला असतो. साक्षीसाठी सांगितलेले दोघे शेजारी कबरस्तानातून निघायलाच तयार नव्हते, कारण तिथे अजून तीन जणांची भाषणे बाकी होती. म्झोलिसी आणि वुयिस्वा मात्र गावाहून वेळेवर आले. त्याने कोट घातला होता. मी वाचायला सुरुवात केली.

गादीच्या कलमापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. स्वतःचे नाव आल्यावर वळला.

"सिसी, माझे शब्द तू असे कागदावर लिहिलेस?"

"तुझेच आहेत ना? एखादा चुकला असेल तर सांग. फेझीवेकडे लाल पेन आहे."

मी गाईंचे कलम वाचले. ते संपल्यावर तो म्हणाला, "गाई दिल्यास, उपकार झाले. पण जे खरं आहे ते आहे. आई आंधळी होती. तो वाडगा चुकून गेला."

तेव्हा वुयिस्वा बोलली. तीस वर्षे ती आमच्या घरात सून आहे आणि तीस वर्षांत मी तिचा आवाज वर चढलेला ऐकलेला नाही. आजही चढला नाही.

"वाडगा मीच भरला होता."

म्झोलिसी म्हणाला, "भरला असशील. तूच भरायचीस रोज. त्याचं काय?"

"रोजचा नव्हे, लुतांडोचे बाबा. सकाळी उठल्या उठल्या आईंनी मला गोठ्यामागे बोलावलं. म्हणाल्या, लाकडी वाडगा काढ, तुला दिला होता तोच. घासून घे. आणि फेझीवे चटईवर कुठल्या बाजूला बसते ते मला सांग. मी म्हटलं, दारापासून तिसरी, सिसींच्या उजव्या हाताला. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. म्हणाल्या, मला दिसत नाही गं, माझा हात चुकला तर हे लोक आयुष्यभर बोलतील."

मग म्झोलिसी म्हणाला, "चौदा वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर सगळ्यांना सांगत सुटलात. आईंनीच मला गप्प राहायला सांगितलं होतं. म्हणाल्या, म्झोलिसीला स्वतःहून येऊ दे, ओढून आणलेला बैल नांगर ओढत नाही. मी वाट पाहत होते. आणि आणखी एक. मला त्या गादीवर बसवणार म्हणालात, सगळ्या पाहुण्यांसमोर. मला विचारलं होतंत? मी नाही बसणार. मी गादीच्या मागे बसेन, तिची घोंगडी घसरली तर सावरीन, आणि येईल त्याला सांगेन की आत जा, आमची फेझीवे आत आहे."

मी सहासष्ट वर्षांची आहे आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर डोके ठेवून मी रडले. लाजले नाही. चौदा वर्षांची भीती होती, तिला बाहेर पडायला थोडा वेळ लागला. आईचा हात चुकला नव्हता. तिने बाजू विचारून घेतली होती. फेझीवे उठून माझ्यामागे आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांसमोर, माझ्या भावासमोर, जे तिने बत्तीस वर्षांत कधी केले नव्हते.

म्झोलिसीने कोटाची बटणे सोडली. मग तो वकीलबाईंकडे वळला. "वकीलबाई, साक्षीदार आले नाहीत म्हणता?"

"नाही. तुम्ही मात्र चालणार नाही. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. गाई तुमच्या हातून जातील."

"जातील कुठे?"

"घराबरोबर. फेझीवेबाईंकडे."

"आणि पुढे मला कधी काही मागता येणार नाही?"

"नाही."

मी म्हटले, "म्झोलिसी, उगाच हट्ट करू नकोस. शेजारी येतील. गाई तुझ्याच आहेत."

"सिसी, तू आता गप्प बस. सात कलमं तू बोललीस." तो बायकोकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

वुयिस्वा म्हणाली, "मी चष्मा आणलाय."

त्यावर फेझीवे हसली. मग आम्ही सगळेच हसलो, वकीलबाईसुद्धा. म्झोलिसीने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फेझीवेकडे न पाहता म्हणाला, "गाई मी राखीन. आजवर राखल्या तशाच. मालकीणबाई गावी येतील तेव्हा दूध त्यांनी मागायचं नाही, घरात जाऊन घ्यायचं."

फेझीवे म्हणाली, "घेईन."

तेव्हा कलम सहाव्यातील देणगी माझ्या भावाच्या स्वतःच्या इच्छेने रद्द झाली आहे आणि त्या गाई माझ्या पत्नीकडे जातील. कलम तिसरे जसेच्या तसे राहील. वकीलबाई म्हणतात त्याला आता कायद्याची गरज उरलेली नाही. त्या असेही म्हणाल्या की साक्षीदारांनी फक्त नाव आणि सही करायची असते, नाते लिहायचे नसते. म्झोलिसीने ऐकून घेतले आणि तरीही लिहिले. वुयिस्वाने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि तिनेही लिहिले. मी ते खोडणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे, आणि त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समोर सही केली आहे.

ठिकाण : ग्रूटक्लूफ वस्ती, ईस्टर्न केप
दिनांक : शनिवार, २३ सप्टेंबर २०२३

सही : नोझुको मबांडला

साक्षीदार पहिला : म्झोलिसी मबांडला. फेझीवेचा दीर.

साक्षीदार दुसरी : वुयिस्वा मबांडला. फेझीवेची जाऊ.